चिखलदऱ्याच्या सायकल फेरीला जावे की जाऊ नये

पावसाळा लागला की आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप गटांवर दोनच प्रकारचे निरोप फिरतात. एक फवारणीच्या औषधांचे आणि दुसरे चिखलदऱ्याच्या धुक्याचे. यंदा दुसऱ्या प्रकारात एक नवा निरोप येऊन पडला. अमरावतीच्या काही हौशी सायकलस्वारांनी पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी परतवाडा ते चिखलदरा आणि परत अशी साधारण साठ किलोमीटरची ‘निसर्गरम्य सायकल फेरी’ आखली आहे. शुल्क बाराशे रुपये असून त्यात टी-शर्ट, पदक, नाश्ता, वाटेत पाण्याची सोय आणि मागून येणारी मदतीची गाडी इतके सगळे आहे. पहाटे साडेपाचला परतवाड्याहून निघायचे आणि साडेनवाच्या आत वर पोहोचायचे, म्हणजे चढायला चार तासांची मुदत. ही शर्यत नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत दोनदा छापले आहे. निरोप वाचल्यापासून जावे की जाऊ नये याचा विचार डोक्यात सुरू आहे, आणि माझ्यासारखेच काठावर बसलेले आणखी काही जण आसपास असतील असे वाटल्यामुळे तो इथे सविस्तर मांडतो आहे.

मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शाळेत शिकवतो आणि शाळेत सायकलने जातो. त्यामुळे सायकल चालवणे ही माझ्या लेखी नवलाई नाही. नवलाई आहे ती पैसे भरून सायकल चालवण्याची. हा निरोप घरी वाचून दाखवला तेव्हा आमच्या मोठ्या बाबांनी चष्मा काढून विचारले, “काहून बाप्पा, पैसे भरून सायकल चालवाची, अन् थे बी घाटात?” त्यांनी तरुणपणी कॅरिअरवर संत्र्यांची टोपली बांधून परतवाड्याच्या बाजारापर्यंत सायकल हाणलेली आहे, आणि घरात पहिली मोटारसायकल आली तेव्हा ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली ती कायमची. ज्या श्रमातून सुटका झाल्याचा त्यांना आनंद झाला, ते श्रम पुतण्या बाराशे रुपये मोजून विकत घ्यायला निघाला आहे, हे त्यांना चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. पण त्यांचा प्रश्न नुसता थट्टेवारी नेण्यासारखा नाही. रस्ता सरकारी, डोंगर कोणाच्या मालकीचा नाही आणि सायकल माझी. मग बाराशे रुपये नेमके कशाचे?

याचे उत्तर सोपे आहे. चिखलदऱ्याचा डोंगर हा काही गावाबाहेरची टेकडी नाही. तो मेळघाटच्या जंगलात येतो. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेतल्या पहिल्या नऊ अभयारण्यांपैकी एक आहे, आणि तिथे वाघ व बिबट्याबरोबरच अस्वलेही आहेत. जंगलाच्या कडेला राहणारे लोक अस्वलाला वाघापेक्षा अधिक वचकून असतात, कारण अचानक समोरासमोर आल्यावर अस्वल वाट सोडून जाईलच असे सांगता येत नाही. ऑगस्टच्या अखेरीस आमच्याकडे सहाच्या सुमारास उजाडते, आणि ढगाळ दिवस असला तर घाटात त्यानंतरही बराच वेळ अंधारून असते. अशा वेळी एकट्याने चढायला निघणे मला पसंत नाही. पन्नास-साठ जणांच्या सोबतीत निघणे पसंत आहे. शिवाय घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नसते, आणि चेन तुटली किंवा पाय आखडला तर मागून कोणीतरी येते आहे ही खात्री मोठी असते. सोबत आणि मागची गाडी यांचे मोल म्हणून मी बाराशेतले निम्मे पैसे आनंदाने देईन. टी-शर्ट आणि पदकाचे मोल प्रत्येकाने आपापले ठरवावे. माझ्या कपाटात शाळेच्या क्रीडा महोत्सवांचे टी-शर्ट आधीच पुरेसे आहेत.

दुसरा प्रश्न, ही चढण मुदतीत जमेल का, हा होता आणि त्यासाठी मात्र वही-पेन घेऊन बसावे लागले. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, म्हणजे सायकलवर बसून सातशे मीटरहून थोडे अधिक चढायचे. धामणगाव गढीपर्यंतचा पहिला टप्पा मामुली चढाचा आहे. खरा घाट तिथून पुढे लागतो आणि तो अठरा-वीस किलोमीटर चालतो. माझे वजन, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पाठीवरचे सामान धरून पंचाऐंशी किलो होतात. एवढे ओझे सातशे मीटर उचलायला जी ऊर्जा लागते ती सुमारे सहाशे किलोज्यूल भरते. शरीराचे स्नायू खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामात आणू शकतात आणि उरलेली उष्णता म्हणून बाहेर टाकतात, त्यामुळे निव्वळ वर चढण्यासाठीच सहाशे ते सातशे किलोकॅलरी खर्ची पडणार. हा आकडा ऐकायला वाटतो तितका भयंकर नाही. दिवसभर कोळपणीचा डवरा धरणारा किंवा पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा माणूस याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्च करतो आणि त्याला कोणी पदक देत नाही. प्रश्न एकूण ऊर्जेचा नसून ती किती वेळात खर्च करायची याचा आहे, आणि तो वेळ गिअर ठरवतो.

माझ्या गिअरच्या सायकलला पुढे सर्वांत लहान चक्र अठ्ठावीस दात्यांचे आहे आणि मागेही सर्वांत मोठे अठ्ठावीस दात्यांचेच. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा झाला की मागच्या चाकाचाही एकच फेरा होतो आणि सायकल साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले, आणि हा वेग मला न धापा टाकता बराच वेळ ठेवता येतो, तर मिनिटाला सव्वाशे मीटर, म्हणजे तासाला साडेसात किलोमीटर होतात. गोठ्यातल्या जुन्या काळ्या सायकलचे दातेही मुद्दाम मोजले. पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून अधिक धावते. सपाटीवर ही चैन असते, पण घाटात त्याच साडेसातच्या वेगाने जायचे तर मिनिटाला तेवीस-चोवीसच फेरे पडणार आणि प्रत्येक फेऱ्याला उभे राहून अंगाचा सगळा भार पायडलवर टाकावा लागणार. अशी सायकल घाटात चालवण्यापेक्षा हाताने ढकलत नेणे बरे. ज्यांच्याकडे बिनगिअरची सायकल आहे आणि जे केवळ हौसेपोटी नाव नोंदवू पाहत आहेत, त्यांनी आधी आपापल्या चक्राचे दाते मोजावेत एवढेच मी सुचवीन.

आता वेळेचा हिशोब. धामणगाव गढीपर्यंत पाऊण ते एक तास, पुढच्या घाटाला साडेसातच्या वेगाने अडीच तास किंवा थोडे अधिक. एकूण सव्वातीन ते साडेतीन तास. मुदत चार तासांची. म्हणजे माझ्या हाती अर्धा-पाऊण तास शिल्लक राहतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या अर्ध्या-पाऊण तासात आहे.

कारण असे की, सायकलवरून चढताना निसर्ग दिसतो हा एक सोयीस्कर समज आहे. चढावर माणूस समोरचा दोन-चार मीटर डांबर पाहत असतो. खड्डा कुठे आहे, खडी कुठे सांडली आहे, पुढच्याचे चाक किती अंतरावर आहे आणि घाम डोळ्यांत उतरायच्या आत पुसता येईल का, एवढेच त्याचे जग असते. मान वर करून दरीकडे पाहिले की हँडल त्याच बाजूला वळते, हे कोणीही अनुभवून पाहावे. उतारावर तर नजर रस्त्यावरून हलवण्याची सोयच नसते. मग निसर्ग दिसतो कधी? थांबल्यावर. एक पाय जमिनीवर टेकून, बाटलीचे झाकण उघडून, श्वास ताळ्यावर येण्याची वाट पाहत माणूस उभा राहतो तेव्हा त्याला कळते की बाजूचा सागवान फुलोऱ्यावर आला आहे, खालच्या सपाटीवर कपाशी आणि तुरीचे पट्टे पार क्षितिजापर्यंत गेले आहेत आणि वरच्या वळणावरून ढगाचा एक तुकडा रस्ता ओलांडून चालला आहे. तेव्हा ‘निसर्गरम्य’ फेरीत मुदतीमधून उरलेला वेळ हाच खरा निसर्ग होय. मुदत चार तासांची असेल तर माझ्या वाट्याला चाळीस मिनिटांचा निसर्ग येतो, साडेतीन तासांची असती तर शून्य आला असता, आणि दोन तासांत वर पोहोचणाऱ्या तरुणाला मात्र तो हवा तेवढा घेता आला असता, जरी असा तरुण वाटेत थांबतो असे माझ्या पाहण्यात नाही.

अमरावतीचा माझा एक वर्गमित्र लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारच्या फेऱ्या करतो. तिथे दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस तास अशी ठरलेली मुदत असते. पॅरिसची ओदाक्स क्लब पारिझियँ ही संस्था ते नियम ठरवते आणि जगभर त्याच नियमांनी या फेऱ्या होतात. त्यात नियंत्रण थांब्यांखेरीज कुठेही बाहेरची मदत घ्यायची नाही असा दंडक असतो. पंक्चर स्वतः काढायचे, जेवण स्वतः शोधायचे, रस्ता स्वतः पाहायचा. मित्राला आमची ही फेरी पोरखेळ वाटते आणि तो तसे तोंडावर बोलतोही. मला वाटते दोन्हींची जात वेगळी आहे. ब्रेव्हेमध्ये माणूस स्वतःच्या भरवशाची परीक्षा देतो. इथे तो दुसऱ्याने केलेल्या व्यवस्थेचे पैसे मोजतो. आणि व्यवस्थेचे पैसे मोजणाऱ्याने व्यवस्था नीट तपासून घेणे यात गैर काही नाही.

इथे जरा विषयाच्या कडेने जातो. याच डोंगरावर, चिखलदऱ्याच्या शेजारी, गाविलगडचा किल्ला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो मराठ्यांकडून घेतला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेच्या अंगाने मारा करण्यासाठी जड तोफा डोंगर आणि नाल्यांमधून, स्वतः रस्ता तयार करत, हाताने ओढून नेल्या होत्या. त्या माणसांनी काय पाहिले असेल याचा विचार घाटात हमखास मनात येतो. पन्नाशीतल्या शिक्षकाने अठ्ठावीस दात्यांच्या चक्रावर बसून कुरकुर करावी इतकी ही चढण अवघड नाही, असे स्वतःला बजावायला तेवढी आठवण पुरते.

चढाचा प्रश्न असा सुटत आला तेव्हा पत्नीने दुसऱ्या टोकाला हात घातला. “चढून त जासान, पन उतरसान कसे?” एवढेच ती बोलली, आणि मी ज्या गोष्टीला वहीत एक ओळही दिली नव्हती तीच सगळ्यात मोठी ठरली.

वर चढताना जे सहाशे किलोज्यूल कमावले ते उतरताना कुठेतरी टाकावे लागतात. त्यातले काही वारा घेतो, काही टायरच्या घासण्यात जातात, आणि उरलेले सगळे ब्रेकच्या बोटभर लांबीच्या चार रबरी तुकड्यांच्या वाट्याला येतात. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत. रिमला दोन बाजूंनी चिमटणारे साधे ब्रेक आहेत. रिम ओली असली की ब्रेक दाबल्यावर पहिले काही फेरे रबर नुसते पाणी पुसत राहते आणि पकड त्यानंतर येते. वळणाच्या तोंडाशी हे ‘त्यानंतर’ फार लांब वाटते. पावसात रस्त्यावरची बारीक वाळू रिमवर चिकटते आणि रबर कानशीने घासल्यासारखे झिजते. मी परवा चाक काढून पाहिले तर मागच्या एका रबरात चक्क ॲल्युमिनियमचा चकाकणारा कण रुतून बसला होता, आणि त्याच्याच रेषेत रिमवर नखाला लागेल असा ओरखडा उमटला होता. कण सुईने काढला, रबरे बदलायला टाकली आहेत. पण सुकलेल्या रस्त्यावर भरवशाची असणारी सायकल ओल्या घाटात तितकीच भरवशाची राहील असे मी स्वतःला सांगू शकत नाही. उतार लांब असला की बोटेही दुखून येतात आणि दुखणारी बोटे ब्रेक सैल सोडतात, हा आणखी एक भाग. वळणांवर कुजलेला पाला, गुरांचे शेण, दरडीवरून आलेली माती आणि रंगवलेले पांढरे पट्टे या सगळ्यांवर अरुंद टायर सारखेच घसरते.

त्यात रविवार. पावसाळ्यातल्या रविवारी अमरावती, अकोला आणि पार नागपूरहून गाड्या चिखलदऱ्याकडे धावतात. सकाळी साडेपाचला निघालेल्या सायकली वर जाईपर्यंत रस्ता बराचसा मोकळा मिळेल, पण नाश्ता करून साडेदहाच्या पुढे उतरायला लागलो की खालून येणारी ती सगळी वाहने समोर येणार. घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे आणि एसटीचे चालक तो निमूट पाळतात, वळणावर हॉर्नही देतात. मौजेसाठी आलेल्या मोटारींचे मात्र तसे नसते. खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून धुक्याचे चित्रण करणाऱ्या मंडळींनी भरलेली गाडी कोणत्या क्षणी कडेला किंवा मधोमध थांबेल याचा नेम नाही, आणि ब्रेक चार फेऱ्यांनी उशिरा लागणाऱ्या सायकलस्वाराला नेम नसलेली वस्तू परवडत नाही.

अर्जातला मजकूर मी यानंतर पुन्हा वाचला. वाटेत होणाऱ्या कोणत्याही इजेची जबाबदारी सहभागी व्यक्तीची राहील, हेल्मेट सक्तीचे आहे, प्रकृती ठणठणीत असल्याचे मी जाहीर करतो, वगैरे. असा मजकूर सगळीकडेच असतो आणि तो पाहून बिचकण्याचे कारण नाही. पण जबाबदारी माझी असेल तर माहितीही मला असली पाहिजे, म्हणून दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलला. “सर, काळजीच करू नका, मागे गाडी आहेच,” हे त्याने सुरुवातीलाच सांगितले. गाडी किती, असे विचारल्यावर कळले की एक पुढे आणि एक मागे. मागची गाडी सगळ्यात शेवटच्या सायकलच्या पाठीशी राहणार. हे ऐकायला चांगले वाटते, पण त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सगळ्यात पुढचा दोन तासांत पोहोचणार आणि शेवटचा चार तासांत; म्हणजे मधल्या वेळी दोघांच्यात दहा-पंधरा किलोमीटरचे अंतर पडलेले असणार. जो मधोमध आहे त्याची सायकल बिघडली तर मागची गाडी त्याच्यापर्यंत शेवटच्या सायकलच्या वेगानेच येणार, आणि तोवर त्याने पावसात उभे राहायचे. मदतीच्या गाडीचा खरा लाभ शेवटून पहिल्या-दुसऱ्याला. म्हणून माझ्यासारख्या मध्यम गतीच्या माणसाने एक ट्यूब, टायर उचलायच्या पट्ट्या आणि हातपंप जवळ बाळगलाच पाहिजे, आणि घरी एकदा चाक उघडून बसवून पाहिलेच पाहिजे. पट्ट्या नुसत्या पिशवीत असून भागत नाही.

रुग्णवाहिकेची सोय विचारली. ती चिखलदऱ्याला उभी राहणार आहे. वर ग्रामीण रुग्णालय आहे आणि खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय, तेव्हा घाटाच्या मध्यावर काही झाले तर वर न्यायचे की खाली, हे कोण ठरवणार, असे मी विचारले. त्याने थोडे थांबून, “हे आम्ही बैठकीत ठरवून घेतो, सर,” असे उत्तर दिले. मला हे उत्तर आवडले. सगळे ठरलेलेच आहे असे ठोकून देणाऱ्यापेक्षा ठरवायचे राहिले आहे असे कबूल करणाऱ्यावर माझा अधिक विश्वास बसतो. उतरताना सगळ्यांनी एका गटाने उतरायचे की आपापल्या सवडीने, यावरही अजून निर्णय नव्हता. चार तासांची मुदत चुकली तर काय, याचे उत्तर मात्र तयार होते: सायकल गाडीत चढवायची आणि स्वाराने पुढच्या बाकावर बसायचे.

खाण्यापिण्याची मला फारशी चिंता वाटत नाही. निघताना दोन केळी, खिशात शेंगदाण्याची चिक्की, एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस. ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायचे, अंदाजाने चिमूट-चिमूट नाही. पावसात घाम कळत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि वर पोहोचल्यावर पोटऱ्या आखडून बसतात. नाश्त्याला तर्री पोहे असणार असे निरोपात आहे, आणि ज्याला सायकलीत रस नाही त्यालाही त्यासाठी वर यावेसे वाटेल. चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावच्या गवळ्यांच्या म्हशींचे दूध आणि चिखलदऱ्याची रबडी हा स्वतंत्र विषय आहे. चढून गेल्यावर रबडी खावी, पण खाऊन लगेच उतरायला लागू नये.

घरच्या अडचणीही थोडक्यात सांगतो. ऑगस्टच्या शेवटी संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू असते आणि त्या दिवसांत बागेकडे पाठ फिरवणे बरे दिसत नाही. पण फवारणी शनिवारी उरकून घेता येते आणि एका सकाळपुरते धाकटा भाऊ बाग पाहून घेईल. प्रकृतीचे म्हणाल तर रक्तदाब तपासून आणि हृदयाचा आलेख काढून झाला. डॉक्टरांनी जायला हरकत नसल्याचे सांगितले, मात्र छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ असे काहीही जाणवले तर मुदत, पदक, लोकलाज यांतले काहीही मनात न आणता उतरून बसा, असे बजावले. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने नाव नोंदवण्याआधी हे करून घ्यावे.

एकट्याने एखाद्या सोमवारी सुट्टी टाकून जावे, हा पर्यायही मी पुष्कळ घोळवला. गाड्यांची गर्दी नसेल, मुदत नसेल, हवे तिथे तासभर बसता येईल. माझ्या वरच्या युक्तिवादाप्रमाणे पाहिले तर निसर्ग सगळाच्या सगळा माझा. पण सोबत नसेल आणि मागची गाडीही नसेल, आणि मुख्य म्हणजे उताराचा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहील. उलट ओल्या घाटातून एकट्याने उतरावे लागेल. तेव्हा आयोजित फेरीकडे पुन्हा वळलो ते एका वेगळ्याच कारणाने. मागून येणारी मदतीची गाडी हा ‘छोटा हत्ती’, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली लहान मालवाहू गाडी आहे, असे त्या मुलाने बोलता बोलता सांगितले होते. छोट्या हत्तीत दोरीने बांधून दहा-बारा सायकली सहज राहतात, आणि वर पोहोचल्यावर ती गाडी रिकामी परत उतरणार.

पुन्हा फोन केला. मी चढून वर येईन, माझ्या वाट्याची चाळीस मिनिटे घाटात जिथे मनाला येईल तिथे थांबून खर्च करीन, आणि रस्ता ओला असला तर उतरताना सायकल गाडीत टाकून स्वतः पुढे बसून येईन; चालेल का? तो म्हणाला, “चालेल ना सर. पण मग फेरी पूर्ण झाली असं धरता येणार नाही, पदक नाही मिळणार.” मी हो म्हटले. आणखी तिघा-चौघांनी असेच विचारल्याचे त्याने सांगितले, तेव्हा सायकलींच्या मध्ये घालायला जुन्या गोधड्या किंवा पोती ठेवायला सांगून ठेवले, नाहीतर एकीचे पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये अडकून खाली येईपर्यंत दोन्ही चाके वाकडी होतात.

काल रात्री पैसे भरले. मोठ्या बाबांना अजून किती भरले ते सांगितलेले नाही. नाश्ता त्यातच आहे एवढे सांगितले आहे. पत्नीने गाडीचा आणि तिच्या चालकाचा क्रमांक स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून घेतला. ब्रेकची नवी रबरे अमरावतीहून यायची आहेत, कारण परतवाड्यात त्या मापाची मिळाली नाहीत, आणि आयोजकांनी टी-शर्टचे माप विचारले आहे ते कळवायचे राहिले आहे.